पडेल ते पान

फरशी पुसताना कोपऱ्यातून दाराकडे यावं. उलटं केलं तर आपल्याच ओल्या पावलांत आपण अडकतो.

•

"ज्याच्याकडे तलवार नाही त्यानं अंगावरचा झगा विकावा आणि एक तलवार घ्यावी." लूक, अध्याय बावीस.

•

खसखस वाटताना साखर आधी घालायची नाही.

•

तुरुंगात प्रत्येकाला काहीतरी काम लावतात. कुणी टोपल्या विणतं, कुणी खडी फोडतं. प्रोदानला पुस्तकं शिवायला बसवलं होतं.

•

शेजारच्या त्रिवाचा भाऊ सैन्यातून सुटून आला आणि दारू पिऊन विहिरीत पडला. त्रिवा म्हणतो, सैन्याला दोष देऊ नका, तो जायच्या आधीही पडायचा.

•

बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. ज्यांनी पाणी घेतलं ते पुढच्या बाकांवर, न घेतलेले मागे.

•

ज्यांनी उचलली आहे ते सांगतात, बंदूक वाटते तितकी जड नसते. तान्ह्या पोराएवढी.

•

वितोमिरला एकाच आठवड्यात दोन बोलावणी आली. एक आमच्या प्रार्थनासभेचं: रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष दे, मग तुला पाणी देऊ. दुसरं सैन्याचं: त्यानंतरच्या बुधवारी हजर हो.

आमच्यात ही दोन्ही एका माणसाला जमत नाहीत. आम्ही नाझरेनी, एक लहानसा ख्रिस्ती पंथ. बाप्तिस्मा मोठेपणी, समजून उमजून घेतो, आणि एकदा पाणी घेतलं की बंदूक नाही, शपथही नाही. तिसा नदीच्या या काठावर हे सगळ्यांना माहीत आहे. गावातले आम्हाला बिनबंदुकीचे म्हणतात. रागावले की आणखी काही म्हणतात. पाणी घेतलेला पोरगा भरतीला जातो, पुढे केलेल्या बंदुकीला हात लावत नाही, आणि तिथूनच तुरुंगात जातो. शिक्षा भोगून घरी येतो, तोवर पुन्हा बोलावणं आलेलं असतं. वितोमिरचा बाप प्रोदान असा दोनदा जाऊन आला होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा घरचं कुत्रं त्याच्यावर भुंकलं.

पण ज्यानं पाणी घेतलेलं नाही त्याला सभा काही विचारत नाही. तो अजून भाऊ झालेला नसतो, नुसता मित्र. म्हणून पुष्कळ घरांतली पोरं आधी सैन्यात जाऊन येतात, काही वर्षांनी पाणी घेतात, आणि त्यावर कुणी बोलत नाही. वितोमिरच्या आईला, सावकाला, एवढंच हवं होतं.

"आधी ते उरकून ये," ती म्हणायची. "देव कुठं पळून जात नाही."

"मीही कुठं पळत नाही, आई."

"तुझ्या बापाकडे बघ."

"बघूनच म्हणतोय."

प्रोदान चुलीपाशी बसलेला असायचा. तुरुंगाबद्दल तो कधी बोलला नाही. मुलानं काय करावं याबद्दलही नाही.

•

पुढचं सावकानं नंतर सभेत उभं राहून स्वतः सांगितलं. आमच्यात बायका सभेत बोलत नाहीत. त्या दिवशी तिला कुणी खाली बसवलं नाही.

•

"बसा, बाई."

"उभी बरी आहे."

भरतीच्या कचेरीतला मेजर. भिंतीवर देशप्रमुख मार्शलची तसबीर, खिडकीत फुलांची कुंडी. सावका मुलाला न सांगता तालुक्याला गेली होती.

"प्रोदानची बायको ना तुम्ही? मग ही कचेरी तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असणार."

"त्याला स्वयंपाकघरात घ्या. बटाटे सोलेल. दवाखान्यात घ्या, भांडी धुवेल."

"घेतो की. पण आधी एकदा शपथ म्हणावी लागते, एकदा बंदूक हातात घ्यावी लागते. मग मी स्वतः त्याला बटाट्यांपाशी नेऊन बसवतो. गोळी घालायला कोण सांगतंय?"

"तो उचलायचा नाही."

"का?"

"लिहिलंय तसं."

मेजर हसला. "बाई, माझे आजोबा चर्चमध्ये पाद्री होते. मी शिवी दिली की एक अध्याय पाठ करायला लावायचे. त्यामुळं मला पुष्कळ अध्याय येतात." आणि त्यानं शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून म्हणून दाखवलं. झगा विका, तलवार घ्या. "हे कोण म्हणालं? मी? खुद्द प्रभूनं म्हटलंय, त्याला पकडून नेलं त्याच रात्री, जेवण झाल्यावर. तुमच्या पुस्तकातलं तेवढं पान उंदरानं खाल्लं का?"

"आमच्यात निवडून वाचत नाहीत."

"मग?"

"पडेल ते पान."

"अस्सं." त्यानं टेबलावरचे कागद सारखे केले. सावका सांगते, माणूस वाईट नव्हता. त्याला आणखी एक पोरगा आत टाकायचा कंटाळा आला होता. "मग पाडा की ते."

•

पान पाडायची रीत अशी. सभेसमोर टेबल, त्यावर पांढरं कापड, कापडावर पुस्तक. उपदेशाची तयारी कुणी करून येत नाही. तयारी केली की माणूस देवाऐवजी स्वतःच बोलायला लागतो, असं आमचे जुने म्हणत. थोरला भाऊ पुस्तक शिवणीवर उभं करतो आणि दोन्ही हात सोडतो. ते जिथं उघडेल तिथून, डाव्या पानाच्या वरच्या ओळीपासून, अध्याय संपेपर्यंत वाचतो. मग जे सुचेल ते समजावून सांगतो. अशा रीतीनं आम्ही पेरणीच्या दिवसांत वंशावळ्या ऐकल्या आहेत आणि लग्नात महारोगाचे नियम. कुणी हसत नाही. जे पडलं ते आजच्यासाठी.

आमचा थोरला भाऊ ग्लिगोर. हात थोडे थरथरायचे, पण पुस्तक उभं करताना कधी थरथरले नाहीत.

सभाघराची झाडलोट सावकाकडे होती. शनिवारी फरशी पुसायची, टेबलाचं कापड इस्त्री करायचं. त्या शनिवारी तिनं फरशी पुसली. मग पुस्तक घेतलं, लूकचा बाविसावा अध्याय काढला, आणि दोन्ही तळहातांनी शिवणीपाशी दाबलं. पुस्तक घट्ट शिवलेलं होतं. तिनं गुडघा टेकवला. वाळकी शेंग मोडावी तसा आवाज आला. मग उघड्या पानांवर फडकं घालून वर इस्त्री ठेवली, आणि फरशी वाळेपर्यंत बाकावर बसून राहिली.

पुढच्या ओळी तिनं वाचल्या नव्हत्या असं नाही. वाचल्या होत्या. तिला वाटलं, पोराला एक ओळ पुरेल.

"मी पान बनवलं नाही," ती सभेत म्हणाली. "पान तिथंच होतं. मी मनात म्हणाले, देवाला नको असलं तर तो दुसरीकडे पाडेल. त्याला काय, इस्त्री अडवणार आहे?"

•

रविवार. पुस्तक पडलं.

ग्लिगोरभाऊनं वाचलं. झगा विका. मग शिष्य म्हणतात, प्रभू, या बघा, इथं दोन तलवारी आहेत. तो म्हणतो, पुरे. मग बाग, मग मशाली, मग कुणीतरी तलवार काढतो आणि महायाजकाच्या नोकराचा कान उडवतो, मग प्रभू म्हणतो, असू द्या, थांबा, आणि त्या कानाला हात लावून तो बरा करतो. मग शिष्य पेत्र भीतीनं म्हणतो, मी त्याला ओळखत नाही, मग कोंबडा आरवतो आणि पेत्र रडतो. अध्याय संपला.

ग्लिगोरभाऊनं पानावरून मान वर केली. मागच्या बाकावर नवा शर्ट घालून साक्षीसाठी थांबलेला वितोमिर त्याला दिसत होता. आम्हालाही दिसत होता.

"तलवार म्हणजे इथं वचन समजायचं," तो म्हणाला. "आत्म्याची तलवार."

उजवीकडून पांता उठला. पांताचा स्वभाव असा की भाकरी भाजलेली असली तरी तो उलटून बघणार. "ग्लिगोरभाऊ, मग झगा म्हणजे काय? झगा खराखुरा विकायचा आणि तलवार तेवढी बोलण्यातली?"

"खरीच म्हटली असती तर दोन कशा पुरतील? बारा माणसं होती."

"तेच विचारतोय. दोन पुरतील असं तो म्हणाला."

"'पुरे' म्हणाला. 'पुरतील' नाही म्हणाला. पोरं डोकं खायला लागली की बाई म्हणते ना, पुरे, तसं."

"असेल. पण 'घ्या' पण तोच म्हणाला होता. आणि घेतल्यावर, वापरल्यावर रागावला. मग घ्यायला का सांगितली?"

ग्लिगोरभाऊनं त्या ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं. आम्ही त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "त्याची अपराध्यांत गणती व्हायची होती, असं तिथंच लिहिलंय. तलवारीशिवाय अपराधी दिसला नसता. एवढंच मला कळतं. त्याहून जास्त आज मला कळत नाही."

मग त्यानं वितोमिरला हाक मारली.

वितोमिर उठला. त्याच्या ओठांवर घाम होता. "मी आज साक्ष देत नाही," तो म्हणाला. "मला माझं पान मिळालं. मी बुधवारी जातो, आणि देतील ते घेतो."

बायकांच्या बाकावर सावकानं पदरासारखा आपला काळा रुमाल तोंडाशी धरला. शेजारणीला वाटलं, ती रडतेय.

•

तो गेला. मेजरनं शब्द पाळला, त्याला स्वयंपाकघराच्या तुकडीत टाकलं. शपथेचा दिवस ठरला. तोवर खांद्यावर बंदूक घेऊन कवायत.

•

पुढच्या रविवारी ग्लिगोरभाऊनं पुस्तक उभं केलं आणि हात सोडले. लूक, अध्याय बावीस.

त्याच्या पुढच्या रविवारी, लूक, अध्याय बावीस.

कुणीतरी म्हणालं, आज पांता पाडेल. पांतानं पाडलं. झगा विका.

आता तुम्ही म्हणाल, एवढी माणसं, कुणाला पुस्तक उलटून बघावंसं वाटलं नाही? नाही वाटलं. देव बोलत असताना त्याच्या घशात बोट घालून कोण बघतं? आम्ही घाबरलो होतो. आमच्या आज्यांनी, बापांनी ज्यासाठी फटके खाल्ले ते देव दर रविवारी मोडून टाकत होता, एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, बहिऱ्याला सांगावं तसं. यूलाच्या मुलानं पाणी घ्यायचं पुढे ढकललं. दोन घरांत नवरा-बायकोची बोलाचाली बंद झाली. पांता, ज्यानं प्रश्न काढला होता, त्यालाच झोप येईना.

त्रिवानं कुंपणावरून विचारलं, "काय हो, ऐकलं ते खरं का? तुमचा देव भरतीच्या कचेरीत लागला म्हणे!"

"गप बस, त्रिवा," सावका म्हणाली.

"मी कशाला गप बसू? माझ्या भावाच्या जुन्या तुकडीला कळवतो, आता नाझरेनी येणार, जागा करा. पण तलवारीचं काय? आजकाल तलवारीवर घेत नाहीत, बाई. बंदूक आणा म्हणावं पुस्तकात."

ती घरात आली आणि भिजवलेलं पीठ तसंच टाकून बसली. प्रोदान म्हणाला, "दार लावून घे." एवढंच म्हणाला.

•

ग्लिगोरभाऊ त्यांच्या घरी आला तो दुपारी, जेवणाच्या वेळी, पण जेवला नाही. सावकानं कोबीचं सार पुढे ठेवलं. त्यानं ताट बाजूला सरकवलं. त्याचा कोट त्याला मोठा झाला होता.

"प्रोदान, तुला विचारायला आलोय. तू सोसलंस, म्हणून तुलाच."

"विचार, भाऊ."

"पहिल्या महायुद्धात माझ्या थोरल्या भावाला वीटभट्टीच्या भिंतीशी उभं केलं. आम्हाला बघायला लावलं. त्याच्यापुढे बंदूक धरली, म्हणाले, नुसता हात लाव, तुला सोडतो. त्यानं हात मागे बांधून घेतले. स्वतःच बांधले, कुणी बांधले नाहीत. आयुष्यभर मी ते सांगत आलो. त्याच्या जोरावर मी पोरांना तुरुंगात पाठवलं. तुला पाठवलं." तो टेबलावर पुढे झुकला. "आता मला सांग. तो चुकीपायी मेला का?"

प्रोदान आपल्या हातांकडे बघत होता. दोऱ्यानं कापून कापून त्याच्या तर्जनीला खाच पडली होती.

"बोल ना. देव दर रविवारी मला सांगतोय, झगा विकून घ्यायला हवी होती. तू आत होतास तेव्हा तुला कधी असं वाटलं का?"

"भाऊ..." प्रोदान म्हणाला आणि थांबला.

सावका लाटणं हातात घेऊन उभी होती. तिला माहीत होतं, आत्ता बोललं तर ते मुलापर्यंत जाणार. त्याला वाटतंय देवानं परवानगी दिली. ती परवानगी गेली तर तो बंदूक खाली ठेवेल. आणि आता तो गणवेशात होता. आता खाली ठेवणं म्हणजे बाहेरच्या पोरानं नाही म्हणण्यापेक्षा कितीतरी वाईट. नाही बोललं तर हा म्हातारा तिच्या टेबलाशी बसून रोज थोडा थोडा मरणार.

"पुस्तक मी मोडलं," ती म्हणाली.

"काय?"

"शिवण. गुडघ्यानं. वर इस्त्री ठेवली. ते आता तिथंच उघडणार, भाऊ. तुम्ही पाडा, पांता पाडो, मांजरानं पाडलं तरी."

ग्लिगोरभाऊ आधी हसला. खरंच हसला, खोकला येईपर्यंत. मग त्यानं डोळे पुसले. "म्हणजे तो काहीच बोलला नाही," तो म्हणाला. "एवढे रविवार मी इस्त्रीचं ऐकत होतो."

"मला माहीत होतं," प्रोदान म्हणाला.

दोघंही त्याच्याकडे वळले.

"पुस्तक मीच शिवलंय, सुटून आलो तेव्हा. नीट शिवलेलं पुस्तक दोन्हीकडे सारखं पडतं. त्या रविवारी ते थाडकन पडलं. मी तिथंच ओळखलं. आपल्या घरात कुणाच्या हातात सभाघराची किल्ली आहे तेही माहीत होतं."

"आणि गप्प राहिलास?" सावकानं विचारलं. इतके दिवस ती त्याच्यापासून लपवत होती.

"वितोमिर उभा राहून म्हणाला, देतील ते घेतो. मी म्हटलं, घेऊ दे."

ग्लिगोरभाऊनं कोटाची बटणं लावली. सार गार झालं.

"शपथ कधी आहे?"

"येत्या रविवारी."

"मग त्याला शपथेच्या आधी सांगा. नंतर सांगितलंत तर त्याच्या तोंडून ती चोरून घेतल्यासारखं होईल."

"भाऊ, तो खाली ठेवेल."

"ठेवेल किंवा नाही ठेवणार. त्याला ठरवू दे." तो उठला. दारापाशी थांबला. "पण सावकाबहिणी, एक सांगतो. पुस्तक तू मोडलंस. ते वाक्य तू लिहिलं नाहीस. ते तिथं आहेच. पांताला मी अजून उत्तर दिलेलं नाही."

•

शपथेच्या दिवशी आईबाप भाजलेलं डुकराचं पिल्लू घेऊन जातात, खसखशीचं सारण भरलेली गोड गुंडाळी घेऊन जातात, बँड वाजतो, फोटो काढतात. सावकानंही गुंडाळी केली होती. रिकाम्या हातानं कसं जायचं, हा प्रश्न तिला सुटला नाही.

ते पहिल्या गाडीनं पोचले. रंगरूट अजून मैदान झाडत होते. वितोमिर झाडू घेऊन कुंपणापाशी आला. त्याचे केस कापले होते आणि कान फार मोठे दिसत होते.

"इतक्या लवकर? बाबा पण? पिल्लू आणलं का? सगळी पोरं पिल्लाचीच वाट बघतायत."

"ऐक," सावका म्हणाली, आणि लोखंडी गजांतून सगळं सांगितलं. शिवण, गुडघा, इस्त्री, मेजर. ती भराभर बोलली, कारण आतून कुणीतरी हाका मारत होतं.

त्यानं झाडू कुंपणाला टेकवला. "बाबांना माहीत होतं?"

प्रोदान म्हणाला, "हो."

"कधीपासून?"

"पडलं तेव्हापासून."

वितोमिरनं खाली बघितलं. "मी काय सांगू तुम्हाला. त्या दिवशी मी साक्ष देऊच शकलो नसतो. आदल्या दिवसापासून मला उलट्या होत होत्या. मला तुरुंगाची भीती वाटत होती, बाबा. तुम्ही घरी आलात तेव्हाचं मला आठवतं. मला वाटलं, देवाला माझी भीती दिसली आणि त्यानं मला दार उघडून दिलं. म्हणजे मी भित्रा नाही, मी सांगितलेलं ऐकतोय. किती हलकं वाटलं होतं." त्यानं आईकडे पाहिलं. "आता वचनही नाही. नुसती बंदूक."

"मग घे नुसती," सावका म्हणाली. "भीती वाटते म्हणून घे. भीती वाटणं पाप नाही. पेत्र नाही का घाबरला? त्याच पानावर आहे."

"तो नंतर रडला, ते पण त्याच पानावर आहे."

"वितोमिर!" आतून हाक आली. "आईच्या कुशीत घुसायचंय का? झाडू घेऊन ये!"

"बाबा, मी काय करू?"

प्रोदाननं गज धरले. "मी नाही सांगणार."

"कधीच नाही सांगितलंत."

तो झाडू घेऊन गेला.

•

दुपारी बँड वाजला. रांगा लागल्या. आधी सगळ्यांनी मिळून शपथ म्हटली. इतक्या लांबून कुणाचे ओठ हलतात ते दिसत नव्हतं. मग एकेकानं टेबलापाशी यायचं, सही करायची, टेबलावरची बंदूक उचलायची, सलाम करायचा. टाळ्या. पुढचा.

वितोमिरचं नाव घेतलं. तो आला.

टेबलामागच्या कॅप्टननं लेखणी पुढे केली. वितोमिरनं ती घेतली नाही. कॅप्टननं काहीतरी विचारलं. मग बंदूक स्वतः उचलली आणि त्याच्या छातीपुढे आडवी धरली. वितोमिरचे हात मांड्यांना चिकटलेले. पुढच्या रांगेतल्या कुणा बाईनं टाळी वाजवायला हात उचलले होते, ते तिनं हळूच खाली घेतले. बँडवाल्यांनी सूर लावला आणि सोडून दिला.

कॅप्टननं पुन्हा विचारलं. पुन्हा.

सावकाला गुंडाळीचा डबा जड झाला. तिनं तो गवतावर ठेवला. शेजारी प्रोदान ताठ उभा होता, टोपी हातात, आणि त्याचे ओठ हलत होते. तिला वाटलं, प्रार्थना करतोय. जिनं मुलाला इथवर आणलं तिला त्या प्रार्थनेत जागा असेल का, असं मनात येऊन ती त्याच्याजवळ सरकली.

"उचल," तो म्हणत होता. "उचल, राजा. उचल ना रे."

दोन शिपायांनी वितोमिरचे दंड धरले आणि त्याला मैदानाबाहेर नेलं, तरी तो म्हणतच होता.

प्रोदान त्या वयाचा असताना त्याच्यापुढे पहिल्यांदा बंदूक धरली गेली, तेव्हा त्याची आई फाटकाबाहेर उभी होती, आणि तिनं ओरडून सांगितलं होतं, "घेऊ नकोस."